वासा आमचा नव्हताच

घराचं छप्पर दुरुस्त करायला बोलावलेल्या माणसाने मला फसवलं. आधी हिशेब सांगतो, म्हणजे "नक्की किती गेले रे?" हे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. पाहणीचे 500. आगाऊ 38,000. लाकडाचे 27,500. वाळवीच्या औषधाचे 14,400. एकूण 80,400 रुपये. त्यातला एक रुपयाही कुणी माझ्या खिशातून काढून नेला नाही, चारही वेळा पिन मीच घातला. शिवाय घरावरची 430 जुनी कौलं गेली ती वेगळीच. ती टेम्पोत चढवायला मी हातही लावला होता.

सरकारी कचेरीत गेली 26 वर्षं मी दुसऱ्यांची बिलं तपासतोय. तीन कोटेशनं नसतील तर फाइल वर जाऊ देत नाही. हे लिहायची लाज वाटते, पण ऑफिसात सगळ्यांना कळलंच आहे. परवा एक ज्युनियर फाइल देताना म्हणाला, "सर, कोटेशनं तीन आहेत हां," आणि त्याने जे हसू दाबलं, त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नाही.

घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, आजोबांनी बांधलेलं. सोप्यावर आणि माजघरात दोन पावसाळे गळत होतं. "ओळखीचा माणूस का नाही बोलावलास?" असं विचारणारे खूप भेटले. ओळखीचा माणूस उरलाय कुठे? आमचा म्हातारा मेस्त, म्हणजे सुतार, दर एप्रिलात न बोलावता यायचा, कौलं चाळायचा, फुटकी बदलायचा, जेवून जायचा. त्याचे गुडघे गेले. मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्ट करतो, तो कशाला वाशांवर चढेल? बाजारात चौकशी केली तर एकाने "जूननंतर बघूया" म्हटलं. जूननंतर छपराचं काम! दुसरा येऊन बघून गेला तो गेलाच. तिसरा फोन उचलत नाही. शेवटी 2 मेच्या रात्री नेटवर शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला त्याला पाचपैकी 4.8 तारे, खाली छपरांचे सुरेख फोटो. ते फोटो कुणाच्या घरांचे होते देव जाणे. ताऱ्यांवर जाऊ नका. त्या फोटोतलं एक तरी घर कुठल्या गावात आहे ते विचारा आणि तिथे जाऊन मालकाशी एकट्याने बोला. मी गेलो नाही.

आपल्याकडे असं काही झालं की पहिला प्रश्न "भायलो आसलो?" म्हणजे बाहेरचा होता का? मुळीच नाही. माझ्याहून चांगली कोकणी बोलत होता, मराठीही शुद्ध. फोनवर दुसऱ्या मिनिटाला विचारलं, "देव खंयचो तुमचो?" मी म्हटलं, म्हार्दोळची म्हाळसा. "मग तुम्ही आमचेच की!" म्हणाला. झालं. जी चौकशी मी त्याची करायची ती त्यानेच माझी केली, आणि मला वाटलं आमची ओळख झाली. त्याने सांगितलेलं नाव खोटंच असणार, म्हणून ते इथे लिहीत नाही.

4 मे, रविवार. आता जे सांगणार आहे ते आठवलं की अजून कान गरम होतात.

खांद्याला कॅनव्हासची पिशवी लावून तो शिडीवरून माळ्यावर गेला. मी खालून शिडी धरली होती. पिशवी कशाला नेतोस, हे विचारावंसं मला वाटलं नाही. दहा मिनिटांनी उतरला तो हातात वीतभर लाकडाचा तुकडा घेऊन. सोप्यावर आईच्या समोर तो अंगठ्याने दाबला आणि पिठासारखा भुसा खाली पडला, तिने सकाळीच सारवल्यासारखी पुसून घेतलेल्या लादीवर. "वाळवी. सगळे वासे असे झालेत. यंदाचा पाऊस काढणार नाही हे घर," तो म्हणाला. आई 81 वर्षांची. वाकली, तुकडा उचलला, पदराने पुसला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हो वांसो आमचो न्हय रे."

आमचे वासे किंदळीच्या लाकडाचे. आजोबांनी ते हाताने तासून घेतले होते, त्यांच्यावर अजून तासणीचे खड्डे लागतात. तो तुकडा करवतीवर कापलेला, कडा सरळ, रंगाने फिका. हे मला दिसत होतं. डोळ्यांनी दिसत होतं! आणि मी काय म्हटलं? "आई, तू आत जा, चहा टाक." परक्या माणसासमोर आईने त्याला खोटं पाडलं याचीच मला लाज वाटली. ती काही बोलली नाही. तुकडा लादीवर ठेवून आत गेली आणि चहा टाकला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. आमच्याकडे वासे जागेवर होते, फिरलो मी.

पुढचं भराभर सांगतो. एकूण काम 1,26,000 रुपयांचं, साधारण 30 टक्के आगाऊ. "बिल हवं असेल तर वर 18 टक्के जीएसटी. नको असेल तर तुमचेच वाचतील." वाचवायचे म्हटल्यावर मी लगेच पुढे. तरीही लेटरहेडवर एक अंदाजपत्रक त्याने दिलं होतं आणि त्यावर जीएसटी क्रमांक छापलेला होता. हा क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि गोव्यातला असेल तर 30ने सुरू होतो, हे मी झोपेत सांगेन. तो जूनमध्ये मोजला. 14 अक्षरं. रोज असले आकडे चाळणारा माणूस मी, घरच्या कागदावर एकदा बोट फिरवलं नाही. तुम्हाला मोजायचा कंटाळा असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो क्रमांक टाका, धंद्याचं नाव फुकट दिसतं.

38,000 पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं, सर." आपण सगळ्यांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलंय आणि सगळ्यांनी पुढे बटण दाबलंय. दाबू नका.

12 मेला तो दोन पोरांना घेऊन आला आणि दुपारपर्यंत सोपा आणि माजघर दोन्हीवरची कौलं उतरवून मोकळा झाला. इथे खरी मेख आहे. छप्पर उघडं पडलं की तुम्ही त्याच्या हातात. हाकलायचं तर घर उघडं, दुसरा बोलवायचा तर मे महिन्यात मिळत नाही. म्हणून 15 तारखेला "सॉ मिलवाला पैसे मागतोय" म्हणाला तेव्हा 27,500 दिले आणि 17 तारखेला औषधाचे 14,400. बारा लिटर, लिटरला 1,200, दहा वर्षांची गॅरंटी. माळ्यावर फवारल्यावर घरभर रॉकेलचा वास. आईने दोन दिवस जेवण मागीलदारी केलं.

आमचा म्हातारा मेस्त पुढे भेटला तेव्हा म्हणाला, जाणता माणूस संध्याकाळपर्यंत जेवढं झाकता येईल तेवढंच उघडतो. सगळं एका दिवशी उतरवणारा एक तर अडाणी नाही तर चोर.

कौलांचं सांगायचं राहिलं. उतरवलेल्यांतली 430 त्याने वेगळी रचली. काहींवर बासेल मिशनचा छाप होता. या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आपल्याकडच्या जुन्या घरांवर अजून ती दिसतात. पोरं एकेक कौल उलटं करून छाप बघत होती आणि मला वाटलं, किती जपून काम करतात! "शेवाळ धुवायला मशीन आहे आमच्याकडे, नव्यासारखी करून आणतो," असं म्हणून 17च्या संध्याकाळी टेम्पो भरला. आईने त्यांना कोकम सरबत दिलं. जुनी घरं पुन्हा जुनी दिसावीत म्हणून दुरुस्त करून विकणारे आणि हॉटेलं बांधणारे असल्या कौलांना भाव देतात, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. टेम्पोचा नंबर घेतला नाही. दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो काढा, कुणाला राग आला तर येऊ द्या.

18ला रविवार, म्हणून कुणी आलं नाही. 19ला फोन वाजत राहिला, 20ला बंद. आणि 2025चा पाऊस तुम्हाला आठवतोच. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मान्सून 24 मेला केरळात आणि लगोलग दुसऱ्या दिवशी गोव्यात. त्याआधीही चार दिवस झोडपतच होता. 2,600 रुपयांची ताडपत्री आणून शेजारच्या दोघांनी आणि मी अंधारात वाशांना बांधली. वाऱ्याने ती फाटली. आजोबांच्या पेटीतले कागद, जमिनीचे उतारे, सगळं पंख्याखाली पसरून वाळवलं. आई देवघराच्या दारात खुर्ची टाकून बसली, कारण घरात तेवढीच जागा कोरडी होती.

आता पोलीस. चौकीत पहिल्यांदा 21ला गेलो. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काम सुरू केलं होतं ना त्याने? मग हे सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, ही फसवणूक आहे, चारशेवीस. तो हसला. "चारशेवीस आता राहिलं नाही, सर." बरोबर आहे, 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेत ते 318 झालं. मी म्हटलं, मग 318 लावा, पोटकलम चार, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यावर म्हणाला, साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेलो, साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा साहेब भेटले. "कौलं चोरीला गेली म्हणता, पण टेम्पोत चढवली कुणी?" मी गप्प. "पैसे कुणी पाठवले?" मी गप्प. "मग?" म्हणजे गुन्हेगार मी ठरलो! छत्री बाहेर ठेवा असंही वर ऐकून घेतलं. घरात धारा लागल्यात आणि यांना त्यांच्या फरशीची काळजी. एफआयआर नाही, साध्या अर्जाची पोच मिळाली, शिक्का इतका फिका की तारीख मी पेनाने गिरवली.

बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच घातला, आम्ही काय करणार?" पंचायतीत गेलो, "लेखी द्या." लेखी दिलं, ते कुठे आहे कुणास ठाऊक. ग्राहक आयोगाचा कायदा वाचला, चांगला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. फक्त समोरच्याचं नाव-पत्ता लिहायचा. तेवढं असतं तर आयोगाकडे कशाला, मीच गेलो नसतो का त्याच्या दारात? म्हणून पहिल्या दिवशीच ओळखपत्राचा फोटो घ्या, पाचशे रुपयांची पाहणी असली तरी. चौकीत एफआयआर घेत नसतील तर वाद घालत उभे राहू नका, पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173मध्ये तशी सोय आहे. मला हे ऑगस्टमध्ये कळलं. आणि 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर घटकाभरात फिरवा. पैसा समोरच्या खात्यात असेल तोवरच गोठवता येतो. मी चौथ्या दिवशी फिरवला, तोवर तिथे काय असणार?

शेवटी लाज सोडून म्हाताऱ्या मेस्ताच्या घरी गेलो. तो रिक्षातून आला, शिडी चढला नाही, खुर्चीवर बसून भाच्याला वर पाठवलं आणि खालून सांगत राहिला. त्या तुकड्याकडे बघून त्याने क्षणही घालवला नाही. "वाळवी माती ठेवते. लाकूड फोडलं की आत चिखलाच्या वाटा दिसतात. हा नुसता भुसा, म्हणजे भुंग्याने पोखरलेलं जुनं फळकूट." आमच्या वाशांपैकी दोन बदलावे लागले. दोन! बाकी सगळे ठणठणीत. मजुरी, रिपा, नवी कौलं मिळून 52,300 रुपये, साहित्य मी स्वतः दुकानातून आणलं, पैसे दुकानदाराला दिले. मेस्ताला आधीच विचारायला गेलो नाही, कारण त्याचे गुडघे गेले म्हणजे त्याचं डोकंही गेलं असं मी धरून चाललो होतो.

गणेश चवथीला पाहुणे आले. 27 ऑगस्टला सोप्यावर बसून प्रत्येकाने आधी वर पाहिलं. अर्धं छप्पर काळपट, अर्धं लालभडक, रस्त्यावरूनही दिसतं. आईने तो तुकडा टाकू दिलेला नाही. मागच्या दाराला आडवा लावते, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. मला काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

19 सप्टेंबरला चौकीतून फोन आला. मी ऑफिसात होतो, उठून बाहेर व्हरांड्यात गेलो, वाटलं सापडला. हवालदार म्हणाला, "सर, तुमच्या त्या अर्जाचं विचारायचं होतं. त्या माणसाचा काही पत्ता लागला का तुम्हाला?"