इमॅजिका: एक रात्र की दोन?

फोंडा-म्हापशाहून खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जायचं, तर मुक्कामाचं गणित रेल्वेगाडीच ठरवते. कोकणकन्या पनवेलला उजाडायच्या आत उतरवते, परतीची मध्यरात्रीनंतर येते.

एका रात्रीचा बेत कागदावर झकास: उतरल्या दिवशी थीम पार्क, दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क, रात्री पनवेल. पण बर्थवर अर्धवट झोपलेली पोरं दुपारी नायट्रो या रोलरकोस्टरच्या रांगेत पेंगतात. हॉटेलची खोली सहसा दुपारनंतरच मिळते, म्हणजे सकाळी तोंड धुवायलाही आडोसा नाही. शेवटी ओले नायलॉनचे कपडे पिशवीत कोंबून फलाटावर बसायचं. कॉलेजच्या पोरांना हे चालतं, आजी-आजोबांना नाही.

दोन रात्रींत खोलीभाडं आणि जेवणखाण वाढतं, हॉटेल आवारातलंच असेल तर चांगलंच. वॉटर पार्कचं तिकीट दोन्ही बेतांत वेगळं. पण पहिल्या दिवशी दुपारी खोली मिळाली की लोळता येतं आणि थीम पार्क दुसऱ्या दिवशी गेट उघडताच गाठता येतं, रांगा वाढायच्या आधी; वॉटर पार्क तिसऱ्या दिवशी.

वॉटर पार्क नको असेल तर एकच रात्र पुरे. (गोंयकारांना पाण्याचं काय अप्रूप, म्हणा!) लहान मुलं असतील तर मी दोनच घेईन, मात्र त्यांची उंची घरीच मोजा, मोठ्या राइड्सना उंचीची अट असते.