स्टोलसाठी सूत: हाय-बल्क अ‍ॅक्रिलिक घ्यायचं की हाय-श्रिंकेज पॉलिस्टर?

थंडीच्या स्टोलची ऑर्डर आहे, कापड फुगीर-उठावदार हवंय, मग निवड शेवटी या दोन सुतांतच होते. दोन्ही मी लूमवर चालवलीत, तुमचं सेटिंग वेगळं असेल तर अनुभवही वेगळा येईल, आधीच सांगतो.

आतली गंमत एकच आहे, ताणून ठेवलेला तंतू उष्णता लागली की आकसतो आणि शेजारचा न आकसणारा बाहेर फुगतो. अ‍ॅक्रिलिकचा टो (अखंड तंतूंचा जाड जुडगा) गरम करून ताणून तोडतात, त्यातला साधारण ६० टक्के माल आधीच वाफेवर आकसवून घेतात आणि राहिलेल्या ताणलेल्या मालात मिसळून सूत कातात. पॉलिस्टरमध्ये बऱ्याचदा पॉलिमर बनवतानाच आयसोफ्थॅलिक अ‍ॅसिड नावाचं रसायन घालतात, मग रेणू घट्ट रचून बसत नाहीत. साधं एफडीवाय (नेहमीचं पूर्ण ताणलेलं पॉलिस्टर फिलामेंट, म्हणजे अखंड लांब तंतूंचं सूत) उकळत्या पाण्यात ६-८ टक्के आकसतं, हे हाय-श्रिंकेजवालं २० च्या पुढे, काही तर ५० पर्यंत जातं.

पॉलिस्टरचं कौतुक करायलाच पाहिजे, मजबूत आहे, धुलाईत टिकतं, फिलामेंट असल्यामुळे गोळेही फारसे येत नाहीत. अ‍ॅक्रिलिकवर गोळे येतात, आणि गिऱ्हाइकाने वाफेची इस्त्री दाबून फिरवली तर फुगीरपणा गेलाच, परत येत नाही. डाइंगलाही नखरे आहेत, रंग ८०-९५ डिग्रीच्या मध्ये एकदम चढतो, म्हणून तापमान हळू वाढवायचं आणि नंतर बाथ (रंगाचं पाणी) थंडही हळूच करायचा, घाई केली की सुताचा हात, म्हणजे स्पर्श, कडक लागतो.

एवढं असूनही माझा कल अ‍ॅक्रिलिककडे का, तर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. पॉलिस्टरचं आकसणं होतं ते कापड विणून झाल्यावर, प्रोसेसला (रंगाई-फिनिशिंगला). ताण्यात (उभ्या धाग्यांत) घालायची सोय नाही कारण सायझिंगच्या (धाग्याला खळ लावायच्या) गरम ड्रमवरच अर्धा खेळ संपतो, म्हणून बाण्यात (आडव्या धाग्यांत) घालायचं, आणि बाण्यात दोन लॉट मिसळले की ग्रे (न रंगवलेलं) कापड एकदम छान दिसतं पण डाइंगहून येतं तेव्हा पन्हा कुठे कमी कुठे जास्त आणि मधे आडवे पट्टे. प्रोसेसवाला म्हणतो सूत खराब, सूतवाला म्हणतो तुम्ही तापमान जास्त दिलं, आणि विणाईची मजुरी तर आपण आधीच देऊन बसलेलो असतो. अ‍ॅक्रिलिकचं हँक (सुताची लडी) डाइंगला जातं तिथेच ते फुगतं, म्हणजे खराब निघालं तरी लूमवर चढायच्या आधी कळतं, परत पाठवता येतं. माझ्यासारख्या छोट्या माणसाला हा फरक फार मोठा वाटतो.

हां, चुण्यांचा सिअरसकरसारखा माल करायचा असेल तर पॉलिस्टरच घ्या, तो उठाव अ‍ॅक्रिलिकला जमत नाही. फक्त अख्ख्या ऑर्डरचा बाणा एकाच लॉटचा मागा, आणि वेगवेगळ्या कोनमधून (सूत गुंडाळलेल्या शंकूंमधून) एकेक मीटर धागा काढून उकळत्या पाण्यात टाका, सुकल्यावर शेजारी शेजारी ठेवून बघा, लांबीत फरक दिसला तर लूम लावूच नका.