जपानी शिकणाऱ्या मित्रमंडळींसाठी ‘आंकी’

मित्रमैत्रिणींनी मिळून, परीक्षेचा ताण न घेता जपानी शिकायचे ठरवले असेल, तर २००६ मध्ये प्रथम उपलब्ध झालेले ‘आंकी’ हे फ्लॅशकार्डांचे (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर असलेल्या कार्डांचे) सॉफ्टवेअर मी मनापासून सुचवेन. अवघड गेलेले कार्ड लवकर आणि सोपे गेलेले उशिरा समोर आणणे एवढेच त्याचे काम आहे. पण जपानमध्ये नित्य वापरासाठी ठरवलेल्या २,१३६ कांजी (चिनी लिपीतून आलेली चिन्हे) शिकताना हीच शिस्त उपयोगी पडते. तयार संचापेक्षा गटाने स्वतः केलेला संच कितीतरी सरस ठरतो, असे माझे ठाम मत आहे. आम्ही झाडाची कांजी ‘की’, तीच दोनदा काढून झालेली ‘हायाशी’ म्हणजे वनराई आणि तीनदा काढून झालेली ‘मोरी’ म्हणजे घनदाट अरण्य अशी कार्डांची साखळी लावली, तेव्हा ती चिन्हे सर्वांच्याच डोक्यात पक्की बसली.

सर्वनामांच्या बाबतीत मात्र सुटी कार्डे अपुरी पडतात. ‘वाताशी’, ‘बोकु’ आणि ‘ओरे’ या तिन्हींपुढे नुसते ‘मी’ लिहिले, तर ‘बोकु’ प्रामुख्याने पुरुष वापरतात, ‘ओरे’ रांगडे असून जवळच्या मित्रांतच शोभते, हे कळत नाही. वरिष्ठांना ‘आनाता’ (म्हणजे ‘तुम्ही’) म्हणणे उद्धटपणाचे वाटते, हेही नाही. (कर्ता संदर्भाने स्पष्ट असेल, तर जपानी माणूस सर्वनाम बहुधा गाळतोच.) म्हणून अशा कार्डावर सुट्या शब्दाऐवजी छोटा संवाद लिहावा आणि तो दोघांनी, एकदा मित्र म्हणून व एकदा वरिष्ठ-कनिष्ठ म्हणून, मोठ्याने म्हणावा.