खिशातला कॅमेरा: रिको जीआर ३ की सोनी आरएक्स१०० मार्क ७?

दोन्ही कॅमेरे २०१९ साली आले आणि दोन्ही 'खिशात मावणारे' म्हणून ओळखले जातात. बॅटरी आणि कार्ड धरून रिको २५७ ग्रॅम भरतो, सोनी ३०२. सोनी लांबी-उंचीला किंचित लहानच आहे, पण जाडीला जवळजवळ ४३ मिमी, रिको ३३. खिशाला टोचते ती जाडी. पँटच्या खिशात टाकून विसरून जावा असा रिको आहे. सोनी जॅकेटच्या खिशात बरा. हा एक सेंटिमीटर मी आधी मोजतोय, कारण जो कॅमेरा घराबाहेर पडताना 'आज नको' म्हणून मागे राहतो, त्याच्या बाकीच्या गुणांचा हिशेब करून उपयोग नाही.

आता आतला फरक. रिकोत एपीएस-सी सेन्सर (उजेड टिपणारी चिप) आहे, म्हणजे लेन्स बदलणाऱ्या बऱ्याच मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तोच आकार: साधारण २३.५ × १५.६ मिमी. सोनीत 'एक इंची' सेन्सर, १३.२ × ८.८ मिमी. (यात एक इंच कुठेच नाही, ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळीच्या मापावरून चिकटलंय.) क्षेत्रफळ काढलं तर रिकोचा सेन्सर तिपटीहून थोडा मोठा. मग एवढा मोठा सेन्सर इतक्या बारीक शरीरात बसला कसा? झूम सोडून दिला म्हणून. रिकोला २८ मिमीची एकच लेन्स आहे, एफ/२.८ (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त). सोनीला २४ ते २०० मिमी. या लेखातली फोकल लेंग्थ (हे मिमीचे आकडे: लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे दूरचं जवळ) सगळीकडे फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या, हिशेबात आहे.

रिकोत ३५ आणि ५० मिमीचे क्रॉप मोड (कडा कापून मधलाच भाग ठेवणारे) आहेत, पण २४ मेगापिक्सेलपैकी ३५ ला सुमारे १५ उरतात आणि ५० ला सात-साडेसात. याच गणिताने २०० मिमीपर्यंत गेलात तर अर्धा मेगापिक्सेलही हाती राहत नाही. तेव्हा झाडावरचा पक्षी, मंचावरचा गायक, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धावणारी मुलगी ही चित्रं रिकोने मिळणार नाहीत. नंतर क्रॉप करू, ही समजूत इथे चालत नाही.

सोनीच्या झूमची किंमत उजेडात मोजावी लागते. रुंद टोकाला तिचाही आकडा एफ/२.८ आहे, पण सेन्सर लहान असल्यामुळे एकूण उजेड रिकोच्या एक-तृतीयांशच गोळा होतो. लांबच्या टोकाला एफ/४.५ होतं, तिथे रिकोच्या तुलनेत सुमारे तीन स्टॉपची तूट पडते (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा). उन्हात हा फरक शोधूनही सापडायचा नाही. संध्याकाळी, दिव्याखाली मात्र आयएसओ (उजेडाच्या संवेदनशीलतेचा आकडा) चढत जातो आणि गालावरची कातडी मेणासारखी दिसायला लागते.

इथे कॅनन जी७ एक्स मार्क ३ मध्ये आणायलाच हवा. सेन्सर सोनीएवढाच, पण लेन्स २४ ते १०० मिमी, एफ/१.८ ते २.८. रुंद टोकाला ती लेन्स इतकी उजळ आहे की उजेडाच्या बाबतीत हा छोटा सेन्सर रिकोच्या अर्ध्या स्टॉपच्याही आत येऊन पोचतो. 'मोठा सेन्सर म्हणजे रात्रीचा राजा' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये कडक ऊन आणि गडद सावली एकत्र सांभाळताना, कमी आयएसओवर, रिकोचा मोठा सेन्सर तरीही पुढेच राहतो. कॅननला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही आणि ऑटोफोकस सोनीच्या तोडीचा नाही.

ऑटोफोकसमध्ये सोनीला या खिशात जोडच नाही. डोळा पकडते, चेहरा फिरला तरी सोडत नाही, सेकंदाला २० फोटो काढते. रिकोचा ऑटोफोकस कमी उजेडात अडखळतो. पण रिकोकडे स्नॅप फोकस आहे, आणि याच एका सोयीसाठी रस्त्यावर फोटो काढणारी मंडळी या कॅमेऱ्याला धरून आहेत. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा दोन मीटर, आणि छिद्र एफ/८. मग साधारण एक मीटरपासून वीसेक मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. बटण एका दमात खाली दाबलं की फोटो निघतो. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. याला कॅमेऱ्याची हुशारी म्हणता येणार नाही. दोन मीटर म्हणजे किती, हे तुमच्या अंगात मुरावं लागतं. मुरलं की मजा येते.

हाताळणीत माझा कल उघड आहे. रिको एका हाताने चालतो, सगळी बटणं अंगठ्याच्या टप्प्यात. सोनीचं शरीर गुळगुळीत, पकड नावाला, आणि मेन्यू लांबलचक. पण सोनीचा व्ह्यूफाइंडर वर उसळून येतो, पडदा झुकतो, छोटा फ्लॅशही आहे. रिकोत यातलं काही नाही. डोक्यावर ऊन असताना त्या स्थिर पडद्यावर चौकट दिसत नाही, अंदाजाने दाबावं लागतं.

व्हिडिओ हवा असेल तर चर्चाच नको: सोनी किंवा कॅनन. दोघांत ४के आहे, बाहेरच्या माइकची सोय आहे; रिको १०८० पी वर थांबतो. बॅटरी सगळ्यांची बेताची. कंपन्यांच्या मापानुसार रिको सुमारे २०० फोटो, सोनी २६०. दुसरी बॅटरी कॅमेऱ्यासोबतच घ्या. आणि धूळ-पाण्यापासून संरक्षण दोघांनाही नाही. लेन्स बाहेर-आत सरकते, धूळ आत जाऊ शकते, आणि लेन्स निघत नसल्याने घरी ब्लोअर मारून सेन्सर साफ करता येत नाही. खिशातला कॅमेरा म्हटलं तरी त्याला पातळ कापडी पिशवी हवीच.

प्रवासाला एकच कॅमेरा, सोबत घरची माणसं, आणि फोटो सगळ्यांना हवेत, अशी गरज असेल तर सोनी घ्या. त्यात कमीपणा काही नाही. मोठा कॅमेरा आधीच घरी असेल आणि रोज बरोबर राहील असा दुसरा हवा असेल तर रिको.

रिको ठरला की एक पेच उरतो. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे २८ मिमीचा जीआर ३ फोनच्याच नजरेने बघतो, फक्त अधिक चांगलं. २०२१ चा जीआर ३ एक्स ४० मिमीचा आहे, वजन जवळपास तेवढंच. २०२५ च्या जीआर ४ मध्ये पाच अक्षांचं स्थिरीकरण आणि ५३ जीबी अंतर्गत मेमरी आली, पण लेन्स पुन्हा २८ चीच. मी ४० कडे झुकेन. तुम्ही आठवडाभर फोनचा झूम १.६ पटीवर, म्हणजे साधारण ४० मिमीवर, ठेवा आणि त्याला हात न लावता फोटो काढा. मागे सरकायला जागा नाही म्हणून रोज चिडचिड झाली, तर २८ घ्या.