रायझन ५ ५६००एक्स: ओव्हरक्लॉकिंगचे काही महिने आणि तो ‘ऑटो’

बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवण्याची, सगळी सेटिंग्ज पुसली गेली. सेव्ह करून ठेवलेलं प्रोफाइल नव्या आवृत्तीत उघडेना. सगळं हाताने पुन्हा भरताना इतकी चिडचिड झाली की म्हटलं, आता लिहूनच टाकू. तुम्ही निदान बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रोसेसर म्हणजे एएमडीचा सहा कोअरचा (कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा भाग) रायझन ५ ५६००एक्स. कूलर सोबत आलेला रेथ स्टेल्थच आहे. ओव्हरक्लॉकिंगसाठी महागडा कूलर घ्यायचा, तर तेच पैसे घालून वरचा प्रोसेसर का घेऊ नये?

सुरुवात सगळे करतात तशीच केली. मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ गतीला गुणणारा आकडा) ४५, म्हणजे सगळे कोअर ४.५ गिगाहर्ट्झवर, बाकी जैसे थे. या जैसे थेमध्येच गोम आहे. व्होल्टेज ‘ऑटो’वर राहिलं की ते मदरबोर्ड ठरवतो, आणि त्याला चिंता एकच: मशीन बंद पडता कामा नये. माझ्या बोर्डाने खुशाल १.४ व्होल्ट सोडले. सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी लावताच तापमान नव्वदीपार. या चिपची मर्यादा ९५ अंश.

कोणी म्हणेल, मूळ सेटिंगवरही १.४ च्या वरचा आकडा दिसतोच की. दिसतो, पण तेव्हा एखाददुसराच कोअर धावत असतो आणि करंट कमी असतो. भार वाढला की चिप आपणहून व्होल्टेज उतरवते. मल्टिप्लायर हाताने बांधला की हे शहाणपण बाद. शिवाय वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते: १.२५ च्या जागी १.४ दिले, तर त्याच वेगाला सुमारे २५ टक्के जास्त. नवख्या माणसासाठी म्हणून ठेवलेला पर्याय नवख्यालाच गोत्यात आणतो, याचा मला अजून राग आहे. आणि मिळालं काय? मूळचा ४.६ पर्यंत जाणारा सिंगल-कोअर बूस्ट (एकच कोअर धावताना आपोआप वाढणारा वेग) ४.५ वर अडकला.

तेव्हा ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नुसता उद्योग, असं माझं ठाम मत झालं होतं. ते बदललं कर्व्ह ऑप्टिमायझरमुळे. पीबीओ, म्हणजे एएमडीच्याच आपोआप वेग वाढवणाऱ्या सोयीच्या, बायोसमधल्या मेनूत हा पर्याय असतो. यात वेग बांधायचा नाही, फक्त प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं खाली आणायचं. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सगळ्या कोअरना उणे १५ दिलं, वीज मूळच्या ७६ वॅटवरच ठेवली. तेवढ्याच विजेत रेंडर करताना वेग वाढला. एक पैसाही खर्च नाही!

मग हाव सुटली आणि उणे ३० केलं. सिनेबेंच पास, प्राइम९५ ही आणखी जड चाचणी पास, आणि पीडीएफ वाचताना मशीन रीस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांची नोंदवही) डब्ल्यूएचईए-लॉगर, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची नोंद, इव्हेंट १८, एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक) ४. एका कोअरचे दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), मोजणी शून्यापासून, म्हणजे दोषी कोअर २. हलक्या कामात एकटा कोअर सर्वात वर उडी मारतो आणि नेमकं तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. जड चाचणीत वेग तिथवर जातच नाही. म्हणून कोअरसायकलर या चाचणी प्रोग्रामने एकेक कोअर वेगळा तपासा, रात्रभर चालू द्या. तोवर रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर खोट कुणाची ते कळत नाही. माझा कोअर २ उणे ८ वर स्थिरावला. बिचारा सर्वात चांगल्या कोअरपैकी आहे. असे कोअर आधीच कमी व्होल्टेजवर धावतात, त्यामुळे त्यांच्यात कापायला फारसं उरत नाही.

वॉरंटीचं म्हणाल तर ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान त्यात बसत नाही. पीबीओ कंपनीचंच असलं तरी नाही. इंटेलवाल्यांना मल्टिप्लायर वाढवायचा तर नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि सहसा झेड मालिकेचा बोर्डही लागतो, म्हणजे खर्च आधीच वाढला. आणि मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका: प्लग काढा, बोर्डाच्या पुस्तिकेत क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग्ज पुसणाऱ्या) दोन पिना शोधा, स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांना काही सेकंद टेकवा.