स्टेम सेल आणि पेशींचे पुंजके पाहायला कोणता मायक्रोस्कोप घ्यावा? सोलापूरच्या कॉलेजांसाठी तुलना

विभागाला उपकरणांसाठी थोडे पैसे मंजूर झाले की बैठकीत एक मागणी हमखास येते: या वेळी स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी बनतात त्या मूलपेशी, दिसतील असा मायक्रोस्कोप घेऊ. मग टेबलावर कोटेशनं येतात. एक नेहमीच्या सरळ कंपाउंड मायक्रोस्कोपचं, एक इन्व्हर्टेडचं (नमुना खालून पाहणाऱ्या), एक स्टिरिओचं (कमी पटीत, पण वस्तूची खोली दाखवणाऱ्या), आणि कोणी उत्साही असेल तर फ्लुओरेसन्सचंही (चमकणाऱ्या रंगांनी खुणा दाखवणाऱ्या). सगळ्यांत महाग तो सगळ्यांत चांगला, असं धरून इन्व्हर्टेडकडे बोट जातं.

माझं मत आधीच सांगते. सोलापुरातल्या बहुतेक पदवी कॉलेजांनी इन्व्हर्टेड घेऊ नये. त्याच पैशांत एक चांगला स्टिरिओ आणि फेज कॉन्ट्रास्टची (न रंगवलेल्या पेशी उठून दाखवणारी) सोय असलेला एक सरळ मायक्रोस्कोप घ्यावा. इन्व्हर्टेड कोणी घ्यावा, तेही पुढे येईल.

आधी, पाहायचं काय?

स्टेम सेलला चेहरा नसतो. अस्थिमज्जेची रंगवलेली स्लाइड घ्या, तेल लावून १०० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली (नमुन्याकडच्या भिंगाखाली) ठेवा आणि तासभर शोधा. रक्ताच्या सगळ्या पेशी जिच्यापासून बनतात ती पेशी समोर असली तरी बोट ठेवून दाखवता येणार नाही. ती हजारोंमागे एखादी असते, आणि दिसते एखाद्या साध्या लिम्फोसाइटसारखी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीसारखी.

मग ती आहे हे कळलं कसं? पुंजक्यांवरून. १९६१ मध्ये टोरोंटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी किरणोत्सर्गाने स्वतःची मज्जा निकामी झालेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या. साधारण दहा दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर (पोटातल्या पानथरीवर) गाठी उठलेल्या दिसल्या, नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील अशा. जितक्या जास्त पेशी टोचल्या, त्या प्रमाणात गाठी जास्त. १९६३ मध्ये अँड्र्यू बेकर यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की एक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते. स्वतःसारख्या पेशीही बनवायच्या आणि वेगळ्या कामाच्या पेशीही बनवायच्या, हे स्टेम सेलचं लक्षण त्या गाठींनी उघड केलं. पुढे अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी मज्जेतल्या चिकटून वाढणाऱ्या पेशींबाबत तेच केलं: बशीत तळाला उगवलेल्या कॉलनी मोजल्या.

खरेदीच्या दृष्टीने हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. स्टेम सेल एकटी पाहून काही सिद्ध होत नाही, तिने काय वाढवलं ते पाहावं लागतं. म्हणजे कामं तीन: अख्खा पुंजका दाखवणं, पुंजक्यातली पेशी दाखवणं, आणि तोच पुंजका उद्या-परवा पुन्हा दाखवणं. एक पेशी साधारण १० ते २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पेशींचा गोळा काही शे मायक्रॉनचा, आणि हायड्रासारखा गोड्या पाण्यातला प्राणी चक्क काही मिलिमीटरचा. एकच यंत्र हे सगळं चांगलं करू शकत नाही. जास्तीत जास्त किती पट मोठं दिसतं, हा आकडा कोटेशनमध्ये ठळक छापलेला असतो, पण या कामात त्याचं महत्त्व सगळ्यांत कमी.

सरळ मायक्रोस्कोप

पातळ आणि रंगवलेल्या नमुन्यासाठी याला तोड नाही. ४० पटीचं ०.६५ अपर्चरचं (अपर्चर म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्ह साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचा तपशील सुटा दाखवतं, तेल लावलेलं १०० पटीचं पाव मायक्रॉनच्या जवळ जातं. केंद्रक, गुणसूत्रं, विभाजनाच्या अवस्था, सगळं यावर.

नमुन्यासाठी लांब जायला नको. सोलापूरची बाजार समिती कांद्यासाठी राज्यात नावाजलेली आहे. एक कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवला की दोन-चार दिवसांत मुळं फुटतात. टोक कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लात ठेवायचं, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडं गरम करायचं, ॲसिटोकार्मिन हा रंग घालून कव्हरस्लिपखाली (पातळ काचेखाली) दाबायचं. लहान, चौकोनी, मोठ्या केंद्रकाच्या पेशींचा घोळका दिसतो.

इथे एक गफलत सर्रास होते, ती टाळायला हवी. विभाजन होत असलेली प्रत्येक पेशी स्टेम सेल नसते. मुळाच्या टोकात एक शांत केंद्र असतं. तिथल्या पेशी फार क्वचित विभागतात, आणि मूलपेशी त्याला लागून असतात. आपल्याला स्लाइडवर भराभर विभागताना दिसतात त्या बहुतेक त्यांच्या लेकी-नाती. शिवाय टोक दाबलं की पेशींची मूळ मांडणी मोडते, कोण कोणाशेजारी होतं ते कळत नाही. म्हणून दाबलेल्या स्लाइडसोबत मुळाच्या उभ्या छेदाची कायमची स्लाइडही शेजारी लावा. दोन्ही पाहिल्यावर मुलांचे प्रश्नच बदलतात.

या यंत्राची मर्यादा काचेच्या जाडीत आहे. त्याची ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठी बनवलेली असतात आणि ४० पटीचं तर नमुन्यापासून जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतरावर आणावं लागतं. पेशी वाढवण्याचा फ्लास्क काही सेंटिमीटर उंच असतो, त्यामुळे वरून बघणं अशक्य. पेशी कव्हरस्लिपवरच वाढवून ती स्लाइडवर उलटी ठेवता येते, आणि चित्र सुरेख मिळतं, पण तो नमुना तिथेच संपला. जंतू शिरलेला नमुना परत वाढवायला ठेवता येत नाही.

कोटेशन मागवताना एक ओळ नक्की घाला: कंडेन्सरला (स्टेजखालच्या, प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाला) फेज कॉन्ट्रास्ट बसतो का, आणि तो किट नंतर वेगळा मिळेल का. जिवंत, न रंगवलेली पेशी साध्या प्रकाशात जवळपास पारदर्शक असते. फेज कॉन्ट्रास्टमुळे तिच्या कडा आणि केंद्रक उठून दिसतात. फ्रिट्स झेर्निके यांना १९५३ चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. ही सोय आज नसली तरी पुढे बसवता आली पाहिजे.

इन्व्हर्टेड

याचे ऑब्जेक्टिव्ह स्टेजच्या खाली असतात आणि दिवा वर. फ्लास्क बंदच राहतो, तळाला चिकटलेल्या पेशी खालून दिसतात, पाहून झाल्यावर फ्लास्क परत इन्क्युबेटरमध्ये. तोच पुंजका दिवसागणिक पाहणं, हे तिसरं काम याच्याइतकं चांगलं कोणी करत नाही.

आणि जे दिसतं ते खरोखर देखणं असतं. माणसाच्या भ्रूणापासूनच्या किंवा रीप्रोग्राम केलेल्या (साध्या पेशींपासून परत बनवलेल्या) स्टेम सेलची कॉलनी सपाट, गच्च, धारदार कडेची असते. आतल्या पेशीत केंद्रकाने बहुतेक जागा व्यापलेली, त्यात केंद्रिका ठळक, पेशीद्रव्य नावापुरतं. कॉलनी बिघडू लागली, म्हणजे पेशी आपापल्या वाटेने वेगळ्या होऊ लागल्या, की आधी कड सैल पडते आणि पेशी पसरट होतात. सरावलेला डोळा हे पटकन ओळखतो.

पण याच्याच पडद्यावर फसगतही होते. मज्जेतल्या किंवा चरबीतल्या मेसेन्कायमल पेशी (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या) चातीसारख्या निमुळत्या दिसतात, आणि त्वचेतल्या साध्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीच्या पेशीही तशाच. २००६ मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान निकष ठरवले. त्यांनुसार पेशी प्लास्टिकला चिकटली पाहिजे, तिच्यावर ठरावीक खुणेची प्रथिनं पाहिजेत, आणि तिच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी बनवून दाखवता आली पाहिजे. नुसता निमुळत्या पेशींचा फोटो म्हणजे स्टेम सेलचा पुरावा नव्हे. दवाखान्यांच्या जाहिरातींत असे फोटो दिसतात, तेव्हाही हे आठवावं. जाड गोळ्यांची अडचण वेगळी: फेज कॉन्ट्रास्टमध्ये त्यांच्याभोवती झगझगीत वलय येतं आणि मधला भाग काळा पडतो. तो काळेपणा पाहून आतल्या पेशी मेल्या असं म्हणता येत नाही. मेलेल्या असूही शकतात, कारण गोळा फार मोठा झाला की मध्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. खात्री करायला मात्र छेद किंवा रंग लागतो.

आता खर्चाचं. सरळ विद्यार्थी-मॉडेल काही हजारांत येतं, इन्व्हर्टेडचा हिशोब लाखांत सुरू होतो. पण खरा खर्च यंत्राचा नाहीच. ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारा इन्क्युबेटर, गॅसचा सिलिंडर, सेफ्टी कॅबिनेट, सीरम, पेशी गोठवून ठेवायला द्रव नायट्रोजन, आणि रविवारीही येऊन माध्यम बदलणारं माणूस. सोलापूरच्या उन्हाळ्याची यात स्वतंत्र भर पडते. असा इन्क्युबेटर सहसा फक्त तापवतो, थंड करत नाही. आत ३७ राखायचे तर खोली त्याच्यापेक्षा चार-पाच अंशांनी तरी गार हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे खोलीला रात्रंदिवस एसी आणि वीज गेली तर जनरेटर. हे नसेल तर मार्चमध्ये वाढवलेल्या पेशी मेमध्ये हातच्या जातील, आणि लाखांचा इन्व्हर्टेड कव्हर घालून बसेल.

परवानगीचाही भाग आहे. मानवी स्टेम सेलवरच्या संशोधनाला २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत, आणि संस्थेची स्वतंत्र समिती असल्याशिवाय ते काम सुरू करता येत नाही. पदवीच्या प्रात्यक्षिकासाठी हा मार्ग नव्हे. साध्या, प्रस्थापित पेशीमालिका पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संग्रहातून संस्थांना मिळतात. शिकवण्याची सुरुवात तिथून करावी.

तेव्हा इन्व्हर्टेड कोणासाठी? ज्यांची कल्चर रूम वर्षभर चालू आहे, ज्यांच्याकडे पीएचडीचे विद्यार्थी आहेत, अशा विद्यापीठ विभागासाठी किंवा वैद्यकीय महाविद्यालयासाठी. त्यांनी तो जरूर घ्यावा, आणि सरळपेक्षा आधी घ्यावा.

स्टिरिओ

कोटेशनांत हा खालच्या ओळीत असतो, आणि माझ्या मते आपल्या कॉलेजांना सर्वाधिक देणारा हाच आहे.

याचे दोन प्रकाशमार्ग दोन डोळ्यांसाठी किंचित वेगळ्या कोनांतून येतात, म्हणून वस्तूला खोली दिसते. प्रतिमा सुलटी असते. भिंगाखाली दहाएक सेंटिमीटर मोकळी जागा असते, त्यामुळे हात, सुई, चिमटा, बशी, अगदी बाटलीसुद्धा मावते.

सोलापूरकडे या यंत्रासाठी घरचा विषय आहे: डाळिंब. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या मुलांच्या घरी बाग असतेच, निदान शेजारी तरी. डाळिंबावरच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगाने काय केलं हे त्यांना सांगावं लागत नाही. रोगट झाडाच्या गुटी कलमातून तेल्या नव्या बागेत जातो, म्हणून टिश्यू कल्चरच्या रोपांना मागणी आली. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र पुणे रस्त्यावर केगावलाच आहे. आता टिश्यू कल्चरच्या बाटलीत पाहा: पानाच्या तुकड्यावर आलेला कॅलस हा पेशींचा पुंजकाच. काही ठिकाणी भुसभुशीत, काही ठिकाणी घट्ट, आणि अधूनमधून हिरवे ठिपके. कोंब फुटायची शक्यता त्या ठिपक्यांतून असते. बाटली न उघडता हे स्टिरिओखाली दिसतं, फक्त काचेवर आतून दव धरलं असेल तर बाटली थोडी तिरकी करावी. शेंड्याची पानं सुईने एकेक करून सोलत गेलं की शेवटी मिलिमीटरच्या अंशाएवढा चकचकीत घुमट उरतो. झाडाचा शेंडा वाढवणाऱ्या मूलपेशी त्या घुमटात बसलेल्या असतात. तो घुमट स्वतःच्या हाताने उघडा केलेला विद्यार्थी स्टेम सेलची व्याख्या पाठ करत बसत नाही.

दुसरा नमुना हायड्रा. पाणवनस्पती असलेल्या स्वच्छ, संथ पाण्यात तो सापडतो. त्याच्या शरीरात तीन प्रकारच्या मूलपेशींच्या वंशरेषा आयुष्यभर चालू असतात. मधोमध कापला तर काही दिवसांत दोन्ही तुकडे पूर्ण प्राणी होतात. १९७२ मध्ये आल्फ्रेड गीरर आणि सहकाऱ्यांनी याहून पुढचं दाखवलं: हायड्राच्या पेशी सुट्या करून त्यांचा गोळा केला तर त्या गोळ्यातून पुन्हा हायड्रा घडतो. पेशींच्या पुंजक्यातून स्पर्शिका फुटताना पाहणं स्टिरिओखाली सहज जमतं. हायड्राला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं, म्हणून हे प्रात्यक्षिक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. मेमध्ये घेऊ नका.

सरळ मायक्रोस्कोपशी जोडी इथेच जमते. त्याच हायड्राच्या सुट्या केलेल्या पेशी स्लाइडवर घेऊन फेज कॉन्ट्रास्टमध्ये पाहिल्या की मोठ्या केंद्रकाच्या लहान गोल पेशी एकट्या किंवा जोडीने दिसतात, आणि कुठे कुठे चार, आठ, सोळांच्या घोळक्यात. हे घोळके पुढे दंशपेशी होणाऱ्यांचे, एकाच वेळी विभागत आलेले. अख्खा प्राणी, त्याचा पुंजका आणि त्यातली पेशी, तिन्ही एकाच दुपारी.

स्टिरिओची कमतरता उघड आहे: एकेक पेशी नीट दिसत नाही. खरेदीत एकच गोष्ट अडून मागा, ती म्हणजे खालून येणारा प्रकाश. स्वस्त मॉडेलना फक्त वरचा दिवा असतो आणि त्यात हायड्रा किंवा पारदर्शक गोळा फिकट डागासारखा दिसतो.

फ्लुओरेसन्स

ऑक्ट-४, नॅनोग ही स्टेम सेलची खूण असलेली प्रथिनं पेशीत आहेत का, हे विचारायचं तर हाच लागतो. पण त्यासाठीच्या, त्या प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी महाग, त्या थंड साखळीतून याव्या लागतात, आणि रंग प्रकाशात विटतो. कॉलेजने विकत घेऊ नये. मोठ्या संस्थेत एक दिवसाची भेट ठरवावी आणि मुलांना तिथे दाखवावा.

डेमोच्या दिवशी

विक्रेता त्याची स्लाइड घेऊन येतो आणि ती प्रत्येक यंत्रावर सुंदरच दिसते. आपला नमुना आपण ठेवा: कांद्याच्या मुळाची ताजी स्लाइड, कॅलसची बाटली आणि पाण्याच्या थेंबातला काहीतरी हलणारा जीव. स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाइड) यंत्रासोबतच मागवा, कारण पुंजक्याचा आकार मोजता आला नाही तर वाढला की नाही हे सांगताच येत नाही. कॅमेरा नंतर घेतला तरी चालेल, सुरुवातीला आयपीसला बसणारा मोबाइलचा धारक पुरतो. आणि दुरुस्तीला माणूस कुठून येतो, किती दिवसांत येतो, हे करारात लिहून घ्या. आपल्याकडे दमटपणाने भिंगांना बुरशी लागण्याची भीती कोकणापेक्षा कमी, पण धूळ भरपूर. फुंकणी, भिंगाचा कागद आणि झाकण ही तिन्ही पहिल्याच ऑर्डरमध्ये घाला.