वारली घ्यावं की गोंड?

दोन्ही आदिवासी चित्रशैली. घरात लावायला गावच्या रोजच्या जगण्याचं चित्र हवं असेल, तर माझं मत वारलीला. गोंड चित्रं मला तितकीच आवडतात, पण ती वेगळ्या भिंतीची.

वारलीत माणसं सतत कामात असतात. दोन त्रिकोण टोकाला टोक जुळवले की धड झालं. तेच वाकवलं की आवणी, म्हणजे भाताची लावणी करणारी बाई, मागे रेललं की जाळं ओढणारा गडी. चेहऱ्याला नाकडोळे नाहीत, तरी कोण दमलंय ते पाठीच्या बाकावरून कळतं. मुळात हे लग्नातलं लिखाण: सवाशिणी कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे नक्षीची चौकट लिहायच्या, मधोमध वारल्यांची पालघट देवी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे 1970 च्या दशकात लग्नकार्य नसतानाही ही चित्रं रोज काढू लागले. पुरुषाने हे करणं तेव्हा नवलाचंच. लहानपणी आई गेल्यावर त्यांची वाचा बसली होती, तेव्हा धुळीत रेघा ओढून ते मनातलं सांगत. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मासे धरायच्या जाळ्याची त्यांची चित्रं जवळून बघा. बारीक पांढऱ्या रेघांची ती वीण बघताना माझा श्वास अडकतो.

गोंड चित्रात बहुधा एकच मोठा आकार असतो: हरीण, आणि त्याच्या शिंगांतून फुटलेलं झाड. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढसिंह श्याम भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले आणि भिंतीवरची देवं, प्राणी कागदावर उतरले. 2001 साली जपानमध्ये त्यांचा मृत्यू झाला, फार लवकर. आकारात ठिपके-रेघा भरायची प्रत्येक चित्रकाराची तऱ्हा वेगळी, जाणकार त्यावरूनच हात ओळखतात. शेतीभाती, बाजार त्यातही येतो, पण डोळा रंगांवर आधी जातो.

म्हणून जागा बघून ठरवा. सोफ्यामागची मोठी पांढरी भिंत दुरूनच दिसते, तिथे गोंड खुलतं. जेवणाच्या टेबलाजवळ किंवा बोळात, जिथे माणूस हातभर अंतरावर उभा राहतो, तिथे वारली. आमच्याकडे पाहुणे तारप्याच्या, म्हणजे त्या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचातली माणसं मोजत बसतात.

घेताना चित्र उजेडात तिरकं धरा. मी एकदा हाताने काढलेलं समजून छापील घरी आणलं होतं, त्याचं वाईट अजून वाटतं. हाताच्या कामात पांढरा रंग किंचित वर आलेला दिसतो, रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. आणि काढणाऱ्याचं नाव, गाव विचाराच.